पलंग, कपाट, इत्यादी

पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवायच्या आत मॅनेजरने दिवसाच्या कामाचा कागद तिच्या पुढ्यात सरकवला, आणि त्यावर तिला स्वतःच्या घराचा पत्ता दिसला. आधी वाटलं, आपलाच एखादा कागद चुकून यात मिसळला. मग तिने नीट वाचलं. सामान उचलायचं होतं ते तिच्या धाकट्या भावाच्या घरून. मोठा ट्रक जाणार होता दूरच्या शहराला. तिथे भावाला नवी नोकरी लागली आहे हे तिला आत्ता, या कागदावरून कळत होतं. आणि छोटा टेंपो जाणार होता तिच्या घरी. मजला, दाराचा नंबर, खालच्या किल्लीवाल्याच्या दुकानाची खूण, सगळं बरोबर होतं. त्याखाली भावाने सांगितलेलं तसंच्या तसं उतरवून घेतलं होतं: आईचं सामान, पलंग, कपाट, इत्यादी. "यादीबाई," मॅनेजर म्हणाला, "तुमच्याच बंधूंचं काम म्हणे. स्टाफची सवलत लावा, स्टाफची सवलत लावा, फोनवर नुसता धोशा! आई येतायत वाटतं तुमच्याकडे? छान झालं. सोबत होईल." "कोणाला?" तिने विचारलं. मॅनेजर हसला, कारण यादीबाईंच्या बोलण्याला हसायचं असतं असं ऑफिसात ठरून गेलं होतं. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "दुसऱ्या कुणाला पाठवू का?" ती म्हणाली, "नको. दुसरं कुणीतरी वाट्टेल तसं लिहील."

लोकांची घरं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवायची, हा कंपनीचा धंदा होता, आणि उचलायच्या आधी घरातली एकूण एक वस्तू लिहून काढायची, हे तिचं काम. वस्तूच्या नावापुढे दोन रकाने. पहिला, आधीचं नुकसान. तो तिने भरायचा: कुठे पोपडा, कुठे तडा, कुठला पाय हलतो, म्हणजे पुढे कुणी कंपनीच्या नावाने बोंब मारायला नको. दुसरा, वाटेत झालेलं नुकसान. तो सामान घेणाऱ्याने पोचल्यावर भरायचा, आणि तो कोरा राहावा म्हणून हमालांपासून मॅनेजरपर्यंत सगळे जीव मुठीत धरून असत. पहिल्या रकान्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. दारातून पाऊल आत टाकलं की तिला दिसायला लागे ते आधी मोडलेलं, उडालेलं, लपवलेलं. बायका फुलदाणी मुद्दाम डागावर सरकवत, आणि ती काही न बोलता फुलदाणी उचले, डाग बघे, फुलदाणी जागेवर ठेवी आणि लिही. त्या लिहिण्यात एक गोडी होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. शिसपेन्सिलीचं टोक कागदावर टेकलं की मानेमागची शीर सैल होई. एका ओळीखाली दुसरी ओळ बसे, विटेवर वीट बसावी तशी, आणि मधल्या सांध्यातून वारा यायचा थांबे. कामावरच कशाला, घरीसुद्धा. झालेली कामंही ती यादीत लिही, केवळ त्यावरून रेघ ओढायचं सुख मिळावं म्हणून. बसची वाट बघताना जांभयांचे प्रकार लिही. लिफ्टमध्ये माणसं कुठे बघतात ते लिही. आपण मेल्यावर ज्यांना कळवायचं नाही अशांची एक यादी तिने केली होती, आणि मन फार आंबलं की ती काढून पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवी. त्यात वरच्या जागेसाठी चुरस असे. पण एक शब्द तिने आयुष्यात कुठल्याही यादीत घातला नव्हता. इत्यादी. तो आळशी माणसाचा शब्द. जे बघायचं नाही ते सगळं त्या एका शब्दाखाली लोटायचं, केर सतरंजीखाली लोटावा तसं, आणि हात झटकून मोकळं व्हायचं. पलंग, कपाट, इत्यादी. पलंग तिला दिसत होता, कपाट दिसत होतं. आणि त्या इत्यादीत, पाय पोटाशी घेऊन, तोंड भिंतीकडे करून, आई होती.

टेंपोवाल्याच्या शेजारी बसून जाताना तिने भावाचं घर मनातल्या मनात लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता ते दुसरंच घर झालं. एकच खोली, तिघांची अंथरुणं ओळीने. मधे आई, भिंतीकडून भाऊ, दाराकडून ती, कारण दारातून येणारा गारठा मोठ्या मुलीने घ्यायचा असतो. दिवा बारीक करून आई भावाच्या पाठीवर थोपटायची आणि म्हणायची, कुठून आणलेलं होतं कोण जाणे, बहुतेक स्वतःचंच जोडलेलं:

दार निजलं, निजली कडी,
खुर्चीवरती कपड्यांची घडी.
दिवा निजला, निजली वात,
भिंतीवर निजला सावलीचा हात.
बोळ निजला, निजलं भूत,
सुईच्या नेढ्यात निजलं सूत.
आता राहिलं कोण गं जागं?
पाखरू माझं निजलं मागं.

पाखरू म्हणजे भाऊ. पहिली यादी तिने ऐकली ती ही. एकेक वस्तू आई नावाने हाक मारून अंधारात ठेवून द्यायची, आणि ठेवलेली वस्तू मग भीती घालायची नाही. कडी नुसती कडी राहायची, सावली नुसती सावली. ती श्वास धरून ऐकायची. पाखरू झालं, आता पुढे आपण. पण पाखराचे डोळे मिटले की आईचा हात थांबायचा, आवाज थांबायचा, आणि यादी तिथेच तुटायची. रोज. मग अंधारात ती स्वतःच पुढे म्हणायची, ओठ न हलवता: चपला निजल्या, उंबरा निजला, उंबऱ्याजवळची गार फट निजली. दाराकडून पुढे सरकत सरकत ती स्वतःपाशी यायची, आणि तिथे आली की तिला शब्द सुचायचा नाही, कारण आईने तिला कुठलं नावच ठेवलं नव्हतं. नुसतं मोठी. ए मोठे, पाणी दे. ए मोठे, त्याला आधी वाढ. "इथेच ना, बाई?" टेंपोवाला म्हणाला. इथेच.

दार वहिनीने उघडलं. अंगावर जुना गाऊन, केसांना फडकं, तोंडावर असं हसू की जे सकाळपासून तयार करून ठेवलं असावं. "या वन्सं, या! बघा ना, मी यांना रोज म्हणत होते, आधी ताईंना फोन करा, आधी फोन करा. पण यांचं आपलं, आज करतो, उद्या करतो." आतून भाऊ आला. पोट सुटलेलं, कपाळ मोठं झालेलं पाखरू. "ताई, सांगणारच होतो गं. तू रागावशील म्हणून जरा..." "म्हणून कागद पाठवलास," ती म्हणाली. "तसं नाही. तुझीच कंपनी, म्हटलं परक्याला कशाला द्यायचं काम. आणि हे बघ, तिथलं घर अगदीच लहान आहे. आईला तिथली हवा मानवायची नाही. तू काय, एकटीच असतेस." "एकटी असते म्हणजे गोदाम रिकामं आहे असं नव्हे." "झालं सुरू," भाऊ वहिनीकडे बघत पुटपुटला. तिने चिमट्याच्या पाटीला कागद लावला, पेन्सिलीचं टोक तपासलं आणि बाहेरच्या खोलीपासून सुरुवात केली. सोफा, डाव्या हातावर चहाचा डाग, उशीखाली लपवलेला. "अहो, तो धुतला की जातो!" वहिनी म्हणाली. "गेला की खोडू." टीव्हीचं टेबल, मागची फळी फुगलेली, पाणी सांडून. काचेचं कपाट, काच बदललेली, नवी काच हलक्या प्रतीची. जेवणाचं टेबल, चार खुर्च्या, पाचवी नाही. इथे पेन्सिल थोडी थांबली. आई कुठे जेवायची? वहिनीने ते थांबणं बरोबर पकडलं. "त्यांना आपल्या खोलीतच बरं वाटतं, वन्सं. इथे आम्ही बोलत असतो ना." ती पुढच्या वस्तूकडे वळली. असं लिहिताना तिला एक थंड, स्वच्छ आनंद होत होता, सुरीला धार लावताना पात्यावर पाणी सोडावं तसा. पेन्सिलीच्या ओळीगणिक भावाचं घर तिच्या हाताखाली जुनं होत होतं, खरवडलं जात होतं, आणि जे नुकसान होतं ते सगळं आधीचंच होतं, तिने केलेलं त्यात काही नव्हतं. हमाल खोकी घेऊन मागोमाग येत होते. दूरच्या शहराच्या सामानाला पिवळं स्टिकर, तिच्या पत्त्याच्या सामानाला निळं, टाकून द्यायचं त्याला पांढरं. पिवळी स्टिकरं भराभर संपत चालली, आणि पांढऱ्यांचा रोलच सापडेना.

तो आईकडे होता. स्वयंपाकघराच्या मागची ती खोली एके काळी सामान ठेवायची असावी. खिडकी होती, पण छताला लागून, आभाळाची एक चिंधी दाखवणारी. आई पलंगाच्या कडेवर ताठ बसली होती, मांडीवर पांढरा रोल. पलंगाच्या दांडीला पांढरं स्टिकर होतं. कपाटाला होतं, आरशाला होतं, खुर्चीच्या पाठीला होतं, शिवणाच्या डब्याला होतं, आणि एक आईच्या स्वतःच्या बाहीवर, दंडाच्या वर, नीट दाबून बसवलेलं. "आलीस?" आई म्हणाली. "लिही. लहानपणापासून तुला तेच करायचं होतं." "ही काय नाटकं आहेत?" "नाटकं कसली? पांढरं म्हणजे टाकायचं, असं त्या हमालाने सांगितलं मला. चांगला माणूस आहे. विचारलं तर सांगतो तरी." "मला आज सकाळी कळलं," ती म्हणाली. "ऑफिसात, कागदावरून." "मला परवा कळलं. भिंतीतून. ती दोघं बोलत होती." आईने रोल उगाच फिरवला. "म्हणजे तुलाही नाही विचारलं, मलाही नाही. बरंय. एक गोष्ट तरी दोघींना सारखी मिळाली." तिला हसू आलं असतं, तिने ते येऊ दिलं नाही. खाली बघून ती लिहायला लागली. पलंग, उशाकडची पट्टी सुटलेली. कपाट, कडी बसत नाही. खुर्ची, पाठीवर कपड्यांची घडी. आरसा, कोपऱ्यात तडा. तिच्या खिशात दोन रोल होते, पिवळा आणि निळा, आणि अचानक तिच्या लक्षात आलं की आत्ता, या मिनिटाला, ती या पलंगावर पिवळं स्टिकर लावू शकते. कुणी तपासत नाही. हमाल रंग बघतात आणि उचलतात. दूरच्या शहरात पाखरू ट्रकचं दार उघडेल आणि समोर आईचा पलंग असेल, आईचं कपाट, आईचा आरसा, आणि त्या आरशात स्वतःचं तोंड. या विचाराची चव तिने जिभेवर बराच वेळ घोळवली. मग तिने शिवणाचा डबा उघडला, कारण बंद डबा ती कधी लिहीत नसे. बटणं, वेगवेगळी. कात्री, बोथट. सुया, एकीच्या नेढ्यात सूत.

पेन्सिल तिथे अडकली. कडी, घडी, सूत; आईच्या खोलीची यादी तिच्या हाताखाली त्याच चालीवर चालली होती, आणि तिला न विचारता. रागाने तिचे कान तापले. "ते तू म्हणायचीस," ती म्हणाली, आणि आवाज चिरकला याचा तिला आणखी राग आला. "दार निजलं, कडी निजली. सगळ्यांची नावं होती त्यात. भुताचं होतं. सुतासारख्या सुताचं होतं. माझं कधी आलं नाही." आई तिच्याकडे बघत राहिली, हे काय बोलतेय असं तोंड करून, मग तिला आठवलं. "अगं, निजलेल्यांची नावं होती ती. तू कुठे निजायचीस? डोळे टक्क उघडे ठेवून माझ्या तोंडाकडे बघत पडायचीस, माझी चूक धरायला बसल्यासारखी. मला भीती वाटायची तुझी." "म्हणून थांबायचीस?" "थांबायचे कारण तो निजलेला असायचा. दिवसभर उभं राहून पाय तुटायचे माझे. निजला एकदाचा, की सुटले. पुढे कोणासाठी म्हणायचं?" एवढंच. इतकी वर्षं तिने त्या तुटलेल्या जागेत काय काय रचून ठेवलं होतं, आणि आत नुसते दुखणारे पाय निघाले. त्यांना ती कुठल्या रकान्यात लिहिणार होती? बाहेर हमालांनी काहीतरी जड ओढलं आणि वहिनी ओरडली, जपून. आई पुढे वाकली. "तुला मी नको असेन तर तसं सांग. पण तोंडावर सांग. त्याच्यासारखं कागदावर नको." तिने पाटी छातीशी धरली. खोलीत आभाळाची ती चिंधी सोडून बघायला काही नव्हतं. "नको आहेस," ती म्हणाली. आईने मान हलवली, हळू, दोनदा, जसं दुकानात वजन बरोबर भरलं की हलवतात. "मलाही तुझ्याकडे यायची हौस नाही. तुझ्या घरात पाय ठेवला की वाटतं कुणीतरी आपल्याला लिहून घेतंय." "घेतच असते." "माहीत आहे मला." आणि आईच्या तोंडावर काहीतरी सैल झालं, हसू नव्हे, हसण्याच्या अलीकडचं. या घरात भिंतीतूनच ऐकायची सवय लागलेल्या माणसाला कुणीतरी समोरून बोललं होतं. "मग?" आई म्हणाली. "मग काय?" "निळं कुठलं?" "माझ्याकडचं." "आण." तिने खिशात हात घातला. बोटांना आधी पिवळा रोल लागला. तो जाड होता, वर होता. तिने तो बाजूला सारला आणि निळा काढून दिला. आईने पलंगाच्या दांडीवरचं पांढरं नखाने खरवडून काढलं, जागेवर निळं लावलं, आणि वर एक बुक्की मारली, कांद्यावर मारावी तशी.

बाहेर भाऊ सही करायला पेन उघडून उभा होता. "दे इकडे. पाठवणारा ना? झटपट करू, ट्रकवाला घाई करतोय." तिने कागद दिला नाही. सकाळचा मूळ कागद तिने वर काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "आधी हे पुरं कर. इत्यादी म्हणजे काय ते लिही. मी इत्यादी उचलत नाही." "ताई, काय हे! इत्यादी म्हणजे... बाकीचं." "बाकीचं काय?" "बाकीचं गं, जे काय असेल ते." "कोण असेल ते?" हमाल आपोआप मान खाली घालून उभे राहिले. वहिनी भिंतीवरचा खिळा निरखायला लागली. भावाच्या कपाळावर लहानपणचा तो घाम आला, ओठाच्या वर बारीक थेंब, आणि क्षणभर तिला त्याची दया येईल की काय असं वाटलं. पण त्याने तोंड उघडून म्हटलं, "तू लिही ना तुला काय हवं ते, तुला सवय आहे," आणि दया आली तशी गेली. मागून आई आली. बाहीवरचं पांढरं स्टिकर अजून तिथेच. तिने भावाच्या हातातलं पेन काढून घेतलं, मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसं. "सामान माझं आहे. पाठवणारी मी. तू ट्रककडे बघ, पाखरा." आणि पाठवणाऱ्याच्या जागी तिने स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर दाबून. मग मुलीकडे न बघता पेन तिच्यापुढे धरलं. घेणाऱ्याच्या जागी सही करताना तिला आपलीच सही परकी वाटली. सकाळच्या कागदावरचा इत्यादी तिने खोडला, आडवी, जाड रेघ मारून. पण रेघ ओढायचं ते नेहमीचं सुख या खेपेला आलं नाही. भाऊ टेंपोपर्यंत आला, आईच्या पाया पडल्यासारखं वाकला, आणि म्हणाला, "रविवारी फोन करतो हां." आई म्हणाली, "बघ, जमलं तर."

टेंपोत तिघं पुढे बसली. टेंपोवाला, मधे ती, खिडकीकडे आई. मागे पलंगाचे पाय दोरीला कुरकुरत होते. शहर दुपारचं, पांढरं, दुकानांची अर्धी दारं ओढलेली.  तिच्या पोटात राग तसाच होता. कुठे गेला नव्हता, फक्त बसायला त्याला जागा मिळाली होती. "तुझ्या घरात काय काय आहे?" आईने काचेकडे बघत विचारलं. "तू आली आहेस की." "पाहुणी म्हणून आले होते. तेव्हा कोण बघतं?" तिला उत्तर द्यायचं नव्हतं. पण विचारलं की तिला गप्प बसता येत नसे; त्या बाबतीत ती लाचार होती. "दार," ती म्हणाली. "दाराला कडी आहे, ती जरा वर उचलून लावावी लागते. आत आलं की चपलांचा खण. डाव्या हाताला स्वयंपाकघर, एका माणसाचं. खिडकी आहे." "कुठे?" "खाली. हाताला लागेल अशी. तिच्यातून किल्लीवाल्याचं दुकान दिसतं, आणि त्याचं मांजर." "पुढे." "पुढे खोली. खुर्ची एक. दुसरी आणावी लागेल. दिवा, तो फार उजेड देतो, तू कुरकुर करशील. भिंत, तिच्यावर काही नाही. तुझा पलंग तिथे बसेल. माझा..." पुढचं वळण आलं आणि आईचं डोकं काचेवर आपटलं.  तोंड किंचित उघडं, श्वासाचा आवाज, बाहीवरच्या पांढऱ्या स्टिकरचं एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होतं. निजली होती.

ती थांबली. अजून बरंच राहिलं होतं: कपाट, पाण्याची घागर, रात्री खिडकीतून येणारा उजेड, आणि सगळ्यात शेवटी ती स्वतः. टेंपोवाल्याने एकदा वळून बघितलं, पुढचं ऐकायला मिळेल म्हणून असावं. पण पुढे कोणासाठी म्हणायचं? तिचेही पाय दुखत होते. खड्डा आला, डोकं पुन्हा काचेवर आपटलं, आणि दुसरा रकाना तिच्या मांडीवर कोरा होता, घेणाऱ्याने भरायचा. तिने चरफडत पाटी उचलली, कागदासकट, पेन्सिलीसकट, आणि आईचं डोकं नि काच यांच्या मधे उभी धरली. आई झोपेतच तिच्या त्या हातावर कलंडली, सगळा भार टाकून. हात लगेच अवघडला. घर अजून लांब होतं, आणि आता तिला काही लिहिता येत नव्हतं.